वेष्टणावरील नावे : ब्रिटिश 'स्पेस रॉक'च्या इतिहासातील काही मराठी दुवे

ताम्रपट, बखरी आणि दप्तरे यांची चिकित्सा कशी करावी, याची शिस्त राजवाडे-खरे यांच्या पिढीने मराठी इतिहाससंशोधनाला घालून दिली. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात कोणाचे नाव आले आणि कोणाचे गळाले, हे प्रश्न त्या शिस्तीमुळे आपल्या अंगवळणी पडले आहेत. हेच प्रश्न ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर छापलेल्या चार-दोन ओळींना विचारले तर काय हाती लागते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी निवडलेला विषय मराठवाड्यातील वाचकास प्रथमदर्शनी फार दूरचा वाटेल. १९६६ ते १९७५ या सुमारास इंग्लंडात उदयास आलेले सायकेडेलिक संगीत, त्यातून निघालेला 'स्पेस रॉक' आणि त्याचे सगेसोयरे असलेले प्रोग्रेसिव्ह वाद्यवृंद, हा तो विषय.

या संगीताचा आपल्याशी संबंध सांगताना सामान्यतः एकच दिशा गृहीत धरली जाते : ते तेथे निर्माण झाले आणि काही वर्षांनी येथील इंग्रजी जाणणाऱ्या तरुणांना त्याचा शोध लागला. ही कथा खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे. वेष्टणे बारकाईने वाचली असता असे दिसते की, या संगीताच्या घडणीच्या ऐन क्षणी लंडनमध्ये आणि मुंबईत काही मराठी हात वाद्यांवर होते. त्यांपैकी काहींची नावे छापली गेली, काहींची चुकीची छापली गेली, तर काहींची छापलीच गेली नाहीत.

१. संज्ञा आणि कालमर्यादा

'सायकेडेलिक' हा शब्द संगीतातून आलेला नाही. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ साली ऑल्डस हक्सले यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात तो घडविला. मनाच्या सुप्त शक्ती प्रकट करणाऱ्या द्रव्यांचे वर्णन करणे, हा त्याचा मूळ उपयोग. दहा वर्षांच्या आत तो वैद्यकातून निघून पोशाख, भित्तिपत्रके आणि संगीत यांना लागू झाला.

लंडनमध्ये या संगीताला पहिले हक्काचे घर मिळाले ते २३ डिसेंबर १९६६ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडवरील एका तळघरात सुरू झालेल्या यूएफओ क्लबात. तेथे पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन हे वाद्यवृंद रात्र रात्र वाजवीत आणि भिंतींवर रंगीत द्रवांतून पाडलेल्या प्रकाशाचे आकार हलत राहत. पिंक फ्लॉइडची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका ऑगस्ट १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' ही शब्दविरहित रचना सुमारे पावणेदहा मिनिटांची आहे. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून एकाच स्वराकृतीभोवती मुक्त विस्तार करावयाचा आणि शेवटी मूळ आकृतीकडे परतावयाचे, हा तिचा आराखडा. जुलै १९६९ मध्ये मनुष्य चंद्रावर उतरला, तेव्हा बीबीसीच्या दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात हाच वाद्यवृंद प्रत्यक्ष वादन करीत होता. अवकाश हा विषय त्या वेळी कविकल्पनेपुरता उरलेला नव्हता.

त्याच १९६९ साली लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात हॉकविंड हा वाद्यवृंद स्थापन झाला. स्पेस रॉक ही संज्ञा पुढे प्रामुख्याने याच नावाशी जोडली गेली. डेव्ह ब्रॉक यांची गिटार, निक टर्नर यांचे सॅक्सोफोन आणि डिक मिक यांचे ध्वनिजनित्र, अशी त्याची आरंभीची घडण होती. हे ध्वनिजनित्र मूलतः वाद्य नव्हते, प्रयोगशाळेत उपकरणे तपासण्याचे साधन होते. १९७२ मध्ये त्यांची 'सिल्व्हर मशीन' ही मुद्रिका ब्रिटिश विक्रीक्रमात तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचली आणि १९७३ मध्ये 'स्पेस रिच्युअल' हा प्रत्यक्ष मैफलींवरून मुद्रित केलेला दुहेरी संच निघाला. विज्ञानकथाकार मायकेल मूरकॉक हे त्यांच्या परिवारातले. याच सुमारास किंग क्रिम्झन, येस, जेनेसिस या वाद्यवृंदांनी युरोपीय अभिजात संगीताच्या दीर्घ बांधणीचा मार्ग धरला. त्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणतात. दोन्ही प्रवाह एकाच झऱ्यातून निघाले. एकाने विस्तार केला तो रचनेचा, दुसऱ्याने केला तो काळाचा.

२. षड्ज आहे, सम नाही

आपल्या संगीताच्या परिभाषेत स्पेस रॉकचे वर्णन करू गेल्यास एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. या संगीतात स्वरसंगती वारंवार बदलत नाही. एक आधारस्वर किंवा दोन स्वरसमूह यांवर वाद्यवृंद दीर्घकाळ स्थिर राहतो आणि वरचे स्वर त्या आधाराच्या संदर्भात अर्थ घेतात. तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेल्या कानाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला मात्र १९६५ पूर्वी ती जवळजवळ परकी होती.

तालाच्या बाबतीत साम्य संपते. हॉकविंडचा ठेका अखंड आहे. तो आवर्तन पूर्ण करून समेवर येत नाही, रुळांवरून धावणाऱ्या गाडीप्रमाणे नुसता पुढे जातो. म्हणजे ख्यालाच्या मैफलीतील आधारस्वर येथे आहे, परंतु समेवर येण्याचे समाधान नाही. श्रोत्याला घरी परत न आणणे, हाच या संगीताचा अभिप्राय आहे. अवकाशयात्रेचे रूपक त्याला चिकटले, त्याचे एक कारण या रचनेतच दडलेले असावे.

हा आधारस्वर केवळ भारतातून गेला, असे प्रतिपादन करणे अतिशयोक्तीचे होईल. जॉन कोल्ट्रेन यांचे जाझ, अमेरिकेतील ला माँट यंग यांचे प्रयोग आणि युरोपातील विद्युत्-संगीत यांचाही त्यात वाटा आहे. तथापि इंग्लंडच्या तरुण श्रोत्यांच्या कानावर तंबोरा आणि तबला ज्या मुद्रिकांनी प्रथम घातले, त्या मुद्रिका कोणत्या व त्यांवर कोण वाजवीत होते, हे निश्चितपणे सांगता येते. तेथूनच आपल्या दुव्यांचा आरंभ होतो.

३. लंडनमधील तबला

एप्रिल १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सच्या 'लव्ह यू टू' या गीताचे मुद्रण झाले. रचना जॉर्ज हॅरिसन यांची. आरंभी आलापसदृश सतारवादन, नंतर तबल्याचा प्रवेश आणि काफी थाटाच्या जवळची स्वरयोजना, असे तिचे रूप आहे. तबलावादक होते अनिल भागवत. अयान अंगडी यांनी लंडनमध्ये स्थापन केलेल्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेमार्फत त्यांना पाचारण करण्यात आले होते. ऑगस्ट १९६६ मध्ये 'रिव्हॉल्व्हर' ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली, तेव्हा तिच्या वेष्टणावर अनिल भागवत यांचे नाव छापलेले होते. जगातील सर्वाधिक खपणाऱ्या वाद्यवृंदाच्या मुद्रिकेवर बाहेरच्या वादकाचे नाव येणे, ही त्या काळात नित्याची गोष्ट नव्हती.

पुढील वर्षी हा शिष्टाचार पाळला गेला नाही. मार्च १९६७ मध्ये हॅरिसन यांच्याच 'विदिन यू विदाउट यू' या गीताचे मुद्रण झाले. स्वरयोजना खमाज थाटाची. त्यात दिलरुबा वाजविला अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांनी, तंबोरा बुद्धदेव कंसारा यांनी आणि तबला नटवर सोनी यांनी. 'सार्जंट पेपर' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर प्रसिद्ध व्यक्तींच्या प्रतिमांची दाटी आहे, गीतांचे शब्दही आहेत. परंतु या चौघांची नावे नाहीत. ती सर्वांसमोर येण्यास अनेक दशके जावी लागली. भागवत आणि जोशी यांची नावे मराठी वाचकास घरची वाटतील. केवळ नावावरून मातृभाषा ठरविणे संशोधकाला शोभत नाही, हे खरे. परंतु शोधाची दिशा दाखविण्यास नाव पुरेसे असते.

केशव साठे यांच्या बाबतीत नावापलीकडचा पुरावा आहे. त्यांचा जन्म १९२८ मध्ये मुंबईत झाला आणि १९५६ मध्ये ते लंडनला गेले. जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि मूळचे कलकत्त्याचे व्हायोलिनवादक जॉन मेयर यांनी जाझचे पाच आणि भारतीय संगीताचे पाच वादक एकत्र आणून जो दुहेरी पंचक-वृंद उभा केला, त्यात साठे तबला वाजवीत. 'इंडो-जाझ सूट' ही त्या वृंदाची १९६६ ची मुद्रिका. १९६७ मध्ये सतारवादक दिवाण मोतीहार यांच्यासह ते युरोपीय जाझ-वादकांबरोबर 'जाझ मीट्स इंडिया' या मुद्रिकेत वाजले. १९७२ मध्ये क्लेम ऑल्फर्ड यांची सतार, अलिशा सूफित यांचे गायन आणि जिम मॉइझ यांची गिटार यांच्या साथीस साठे यांचा तबला, असा 'मॅजिक कार्पेट' हा वाद्यवृंद झाला. त्याची एकच ध्वनिमुद्रिका त्या काळात निघाली आणि फारशी कोणाच्या लक्षात न येता विस्मरणात गेली. पुढे संग्राहकांनी तिचा शोध घेतला, ती पुनर्मुद्रित झाली आणि आज ब्रिटिश सायकेडेलिक लोकसंगीतातील एक मोलाची कृती म्हणून तिचा उल्लेख होतो. साठे २०१२ मध्ये निवर्तले. मुंबईत जन्मलेला एक तबलावादक जाझ, लोकसंगीत आणि सायकेडेलिक संगीत या तिन्हींच्या संधिस्थानी जवळजवळ दोन दशके उभा होता, ही गोष्ट आपल्याकडील संगीतचरित्रांत नोंदविण्याजोगी आहे.

'इंडो-जाझ सूट'च्या श्रेयनामावलीत तंबोरावादकाचे नाव 'चंद्रहास पैगंका' असे छापलेले आढळते. इंग्रज वाचकाला त्यात काही खटकण्याचे कारण नाही. गोव्याच्या काणकोण तालुक्यातील पैंगीण हे गाव ज्याला ठाऊक आहे, त्याला मात्र हा 'पैंगणकर' असावा आणि शेवटचा 'र' इंग्रजी उच्चारात विरून गेला असावा, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

४. मुंबई, जानेवारी १९६८

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईस आले आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी 'वंडरवॉल' या ब्रिटिश चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा भारतीय भाग मुद्रित केला. याच मुक्कामात 'द इनर लाइट' या बीटल्स-गीताचे वाद्यसंगीतही येथेच मुद्रित झाले. ते गीत मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या पाठीमागील बाजूस प्रसिद्ध झाले. म्हणजे बीटल्सच्या एका गीताचा वाद्यभाग मुंबईच्या वादकांनी मुंबईत वाजविला आहे. 'वंडरवॉल म्युझिक' ही ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९६८ मध्ये निघाली. ॲपल कंपनीची ती पहिली दीर्घ मुद्रिका.

तिच्या वेष्टणावर वादकांची नावे आहेत आणि पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ती नावे म्हणजे एक उत्तम धडा आहे. संतूरवादक शिवकुमार शर्मा यांचे आडनाव 'शर्मर' झाले आहे. सूरबहार वाजविणारे चंद्रशेखर नारिंग्रेकर यांचे केवळ 'चंद्र शेखर' उरले आहे. देवगडजवळील नारिंगरे या गावाची खूण सांगणारे आडनावच तेथे नाही. सनईवादक शरद आणि हनुमान यांचे आडनाव 'जादेव' असे छापले आहे. मराठी डोळ्याला तेथे 'जाधव' दिसतो. बासरीवादक एस. आर. केंकरे यांचे नाव तेवढे ओळखता येण्याजोगे उतरले आहे.

हे दोष कोणी दुष्टबुद्धीने केले, असे मानण्याचे कारण नाही. ऐकलेले नाव अनोळखी लिपीत उतरविताना जे घडते, तेच येथे घडले. फारसी कागदांतील मराठी गावांची नावे वाचताना आपण हाच अनुभव घेत असतो. परंतु लेखनिकाच्या हातून जे सहज घडले, त्याचा परिणाम दूरगामी झाला. पुढील ग्रंथकारांनी वेष्टणावरून नावे उतरून घेतली आणि चूक हीच परंपरा झाली. 'जादेव' या नावाने शोध घेणाऱ्यास मुंबईतील कोणत्याही जाधवांच्या घरापर्यंत पोहोचता येणार नाही.

५. येथे लागलेला शोध

आता नेहमीच्या दिशेकडे वळू. हे संगीत महाराष्ट्रात पोहोचले ते प्रथम मुंबईस. परदेशी मुद्रिकांची आयात कठीण होती. ग्रामोफोन कंपनीच्या दमदम येथील कारखान्यात ज्या मुद्रिका छापल्या जात, त्या मिळत. इतर मुद्रिका प्रवासी, खलाशी आणि नातेवाईक यांच्या सामानातून येत. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६ मध्ये बंद होईपर्यंत अनेक पिढ्यांच्या श्रोत्यांचे वाचनालयच होते. कलकत्त्याहून १९६७ ते १९७७ या काळात निघालेल्या 'जेएस' या तरुणांच्या साप्ताहिकाने वाद्यवृंदांची नावे आणि छायाचित्रे गावोगावी नेली. एका सिगारेट-उद्योगाने पुरस्कृत केलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या मुद्रिकांत भारतीय वाद्यवृंदांचे त्या काळचे वादन जपले गेले आहे.

या वर्तुळातील ठळक मराठी नाव म्हणजे नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवरील आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे ते पुत्र. फार्साच्या अचूक वेळेवर पोसलेल्या घरातील हा मुलगा मुंबईच्या इंग्रजी रॉक वाद्यवृंदांचा गायक झाला आणि १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी बसविलेल्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या संगीतिकेत त्याने ज्यूडासची भूमिका केली. भेंडे ज्यांत गायले, त्यांपैकी एका वाद्यवृंदाचे नाव 'व्हेल्व्हेट फॉग' होते. जवळजवळ याच नावाचा एक सायकेडेलिक वाद्यवृंद इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे होता. १९६९ मध्ये एकच ध्वनिमुद्रिका काढून तो विस्मृतीत गेला. इंग्लंडातही थोड्यांनाच ठाऊक असलेले नाव मुंबईत उमटावे, यावरून येथील तरुण वेष्टणे किती बारकाईने वाचीत असतील, याची कल्पना येते. भेंडे २०१४ मध्ये निवर्तले. मुंबईच्याच 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या वाद्यवृंदाच्या एकमेव ध्वनिमुद्रिकेचे नशीब 'मॅजिक कार्पेट'सारखेच ठरले : 'ऑब्सेशन ७७' ही मुद्रिका येथे मागे पडली आणि २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीने तिचे पुनर्मुद्रण केल्यावर जगाला तिचा शोध लागला.

आणि छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तत्कालीन औरंगाबाद? मुंबईहून येणाऱ्यास त्या काळी मनमाडला उतरून मीटरगेज गाडी धरावी लागे. ज्या १९७२ साली 'सिल्व्हर मशीन' इंग्लंडात गाजत होते, ते साल मराठवाड्याच्या स्मरणात दुष्काळाचे आहे; खडी फोडण्याच्या कामांवरील माणसांची संख्या मोजण्याचे ते साल. १९७४ मध्ये येथील विद्यार्थी मराठवाड्याच्या विकासासाठी रस्त्यावर आले आणि १९७८ पासून नामांतराच्या लढ्याने या विद्यापीठाचे जीवन ढवळून काढले. १९६७ नंतरच्या दशकात जगभरचा तरुण अस्वस्थ होता, असे विधान पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळते. ते खरे मानले, तरी प्रत्येक ठिकाणच्या अस्वस्थतेला स्वतःचे अन्न, पाणी आणि जात असते, हे त्यास जोडले पाहिजे. लॅडब्रोक ग्रोव्हमधील तरुण जे सोडून अवकाशात निघाला होता, ते येथील तरुणाला अद्याप मिळावयाचे होते. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, पुढे महाजालावर सारे संगीत एकाच वेळी उपलब्ध झाले आणि मगच येथील श्रोत्यास पिंक फ्लॉइडपासून हॉकविंडपर्यंतचा प्रवास खर्चाचा विचार न करता करता आला. या विलंबास मागासलेपण म्हणणे सोपे आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो त्या त्या समाजाच्या अग्रक्रमांचा पुरावा आहे.

६. गोव्याचा किनारा

एक दुवा अजून उरतो. १९६९ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात 'क्विंटेसन्स' हा वाद्यवृंद स्थापन झाला. हिंदू नामसंकीर्तन आणि दीर्घ गिटारवादन यांचा संयोग, ही त्याची ओळख. त्याचे बासरीवादक राजा राम हे मूळचे ऑस्ट्रेलियन. सॉफ्ट मशीनचे एक संस्थापक डेव्हिड ॲलन यांना १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पुनःप्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी फ्रान्समध्ये 'गाँग' हा वाद्यवृंद उभारला. गिटारवादक स्टीव्ह हिलेज त्यातले.

१९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्यात त्या दशकाच्या अखेरीपासून खुष्कीच्या मार्गाने पाश्चात्त्य तरुण येऊ लागले. हणजुणच्या किनाऱ्यावरील रात्रींत आरंभी गिटारी होत्या. १९८० नंतरच्या दशकात त्यांची जागा विद्युत्-संगीताने घेतली. त्यातून जो प्रकार 'गोवा ट्रान्स' या नावाने जगभर गेला, त्याच्या प्रवर्तकांत हेच राजा राम पुन्हा आढळतात. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या टिप या ध्वनिमुद्रण संस्थेचे ते एक संस्थापक. हिलेजही 'सिस्टिम ७'च्या रूपाने विद्युत्-नृत्यसंगीताकडे वळले. अखंड ठेका, न बदलणारा आधारस्वर आणि समेचा अभाव ही स्पेस रॉकची तिन्ही लक्षणे त्या संगीतात जशीच्या तशी आहेत. एवढे असूनही, ज्या गावाचे नाव त्या संगीताने घेतले, त्या गावच्या भाषा त्यात क्वचितच ऐकू येतात. नाव घेणे आणि नावाने ओळखणे यांतील अंतर येथेही कायम आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. ब्रिटिश स्पेस रॉक मराठी माणसाने निर्माण केला नाही, तसा दावा हास्यास्पद होईल. परंतु त्याच्या पूर्वपीठिकेत मराठी वादक होते. आणि १९६८ नंतर भारतीय वाद्ये त्या संगीतातून बहुतांशी नाहीशी झाली, तरी त्यांनी रुजविलेला आधारस्वर राहिला. वादकाचे नाव नसलेला स्वर पुढे कोणाचाच नसल्यासारखा होतो.

यापुढील काम हे आपल्या भाषेच्या अभ्यासकाचेच आहे. शर्मरचा शर्मा कोणीही करील. जादेवांतील जाधव, चंद्र शेखरांतील नारिंग्रेकर आणि पैगंकांतील पैंगणकर ओळखण्यास मात्र गावांवरून आडनावे पडतात, हे ठाऊक असणारा वाचक लागतो. मुंबई, कोकण आणि गोवे येथील वादकांच्या घरांत वह्या, पत्रे, पावत्या आणि छायाचित्रे असतील. ज्या चिकाटीने मागील पिढ्यांनी वाड्यांतील रुमाल सोडविले, त्याच चिकाटीने ही साधने मिळविली पाहिजेत. आरंभ लहान असला तरी चालेल. पैंगणकरांच्या नावाचा गळालेला 'र' पुराव्यानिशी परत लावता आला, तरी एक काम झाले असे म्हणता येईल.